राजाचा एक ‘हं’

“सुपारी कुठाय?”

दुपारचा विडा तोंडात घातला आणि वाघोजीराजे गरजले. विड्यात चुना होता, कात होता, वेलदोडाही होता. सुपारी नव्हती!

“महागली, महाराज,” दिवाणजी हात चोळत म्हणाले. “पूर्वी पोतंभर यायची, तेवढ्या पैशात आता मूठभर येते. खजिन्याला परवडत नाही.”

“कुणी महागवली?”

बंदरातले व्यापारी बोलावले. एक म्हणाला, “अरबस्तानात वादळ झालं.” दुसरा म्हणाला, “चीनच्या बादशहाची दाढ ठणकतेय.”

“त्याच्या दाढेचा माझ्या विड्याशी काय संबंध?”

“महाराज, सगळं जग आता एकच बाजार झालंय! तिकडे दाढ ठणकली की इकडे गाल सुजतो!”

राजाला काही कळलं नाही. आणि कळलं नाही की हा राजा हुकूम काढायचा, ही त्याची जुनी खोड!

“भाव वाढवणारा गुरुवारपर्यंत माझ्यासमोर हजर करा! त्याच्या तोंडाला कुलूप घालतो. नाही सापडला, तर बाजाराच्या वेशीलाच कुलूप. कायमचं!”

झाली धावाधाव. व्यापाऱ्यांनी दलालाकडे बोट दाखवलं, दलालाने गलबताच्या तांडेलाकडे, तांडेलाने वाऱ्याकडे. हवालदार बिचारा इमानी. त्याने चामड्याच्या पखालीत वारा भरला, तोंड करकचून बांधलं आणि पखाल दरबारात आणून ठेवली. राजाने गाठ सोडली. फुस्स!

“आरोपी पळाला!” हवालदार ओरडला.

इकडे वेशीजवळ आवडी खराटेवाली डोक्याला हात लावून बसली होती. पडलेल्या झावळ्यांचे हीर काढायचे, खराटे बांधायचे आणि वेशीत बसून विकायचे, यावर तिचं पोट. वेस बंद म्हणजे चूल बंद! जीव घाबरला तिचा. पण आवडी घाबरली की रडत नसे, चिडत असे. ती तरातरा दरबारात गेली.

“महाराज, भाव वाढवणारा मी दाखवते. पण उद्या सकाळी बाजारात यायचं, माझ्या खराट्याकडे बघायचं, ‘हं’ म्हणायचं आणि निघायचं. एक शब्द जास्त नको!”

“एवढंच? आणि नाही दाखवलास तर?”

“तर टाका मला तुरुंगात. तिथे भाकरी तरी फुकट मिळते!”

दुसऱ्या दिवशी राजा आला, छत्रचामरासकट. खराट्याकडे बघितलं. म्हणाला, “हं.” आणि गेला.

राजाची पाठ वळली. मग सुरू झाली कुजबुज.

“ऐकलंत? हं म्हणाले!”

“नुसतं हं, की हंऽऽ?”

“लढाई होणार, दुसरं काय!”

“लढाई कसली! विलायतेत खराट्यापासून औषध निघालंय. माझ्या साडूला पक्कं ठाऊक आहे!”

आवडीचे खराटे नेहमीच्याच भावात हातोहात गेले. घेणाऱ्याने ते दुपटीने दुसऱ्याला विकले, दुसऱ्याने तिसऱ्याला. एक शेटजी तर सकाळी विकलेला स्वतःचाच खराटा दुपारी चौपट भावाने परत घेऊन आले आणि बायकोला म्हणाले, “स्वस्तात मिळाला!” खराटे संपले, तेव्हा लोक पुढच्या वर्षीचे खराटे विकू लागले. एकाने नारळ रुजत घातला आणि त्याला येणाऱ्या झावळ्या आत्ताच विकून टाकल्या! एकाने घर विकून खराटा घेतला. आता खराटा होता, पण झाडायला अंगणच नव्हतं. आणि गंमत म्हणजे गावात केर कुणीच काढेना. एवढा महागाचा खराटा झिजवायचा कसा?

संध्याकाळी राजा अंगणात आला, तर घोट्यापर्यंत पाचोळा!

“झाडलं का नाही रे?”

“खराटा परवडत नाही, महाराज!” झाडणारा गडी म्हणाला.

राजा तसाच बाजारात धावला. “आता खराटासुद्धा? कुणी वाढवला भाव? समोर या!”

आवडी समोर आली. “सापडला, महाराज. सकाळी इथे उभा राहून ‘हं’ म्हणाला ना, तोच!”

हवालदाराने सवयीने राजाचं मनगट धरलं आणि चटका बसल्यासारखं सोडलं.

“अगं, पण सुपारीला मी काही केलेलं नाही!”

“आठवा बरं. सुपारी चढायच्या आधी दरबारात काही बोलला होतात?”

राजाने मिशी खाजवली. “पानाचा डबा रिकामा दिसला, म्हणून ‘अरेरे, सुपारी!’ एवढंच म्हणालो.”

व्यापारी एकाएकी आपापल्या पायांकडे बघू लागले.

“ते ऐकूनच ह्यांनी सुपारी कोठारात दडवली. बादशहाची दाढ मागाहून ठणकली!”

राजाने आपल्याच तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाला, “हुकूम म्हणजे हुकूम. आणा कुलूप!”

हवालदाराने किल्ल्याच्या दरवाजाचं कुलूप आणलं. राजाने खरोखरच तोंड पुढे केलं!

“लोखंडाचं कशाला, महाराज?” आवडी कुणाला ऐकू जाणार नाही अशी राजाच्या कानाशी कुजबुजली. “आधी सुपारीकडे बघून एक जांभई द्या. मग चांगला गच्च विडा तोंडात धरा. दरबारात तसं, बाजारातही तसंच. विडा तोंडात असला की राजासुद्धा बोलत नाही!”

राजाने सुपारीच्या दुकानासमोर उभं राहून आळसावून जांभई दिली.

“जांभई! महाराजांना सुपारीचा कंटाळा आला! विका, विका!”

कोठारं धडाधड उघडली. दिवेलागणीच्या आत सुपारी पूर्वीपेक्षाही स्वस्त झाली. गच्च विडा आला, राजाने तो तोंडात धरला आणि त्याला हसू फुटलं. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं आणि फुर्रर्र! दिवाणजींचा पांढराशुभ्र अंगरखा लालेलाल झाला. दिवाणजी तो घाईघाईने झटकायला गेले, तर आतून खराटे पडले. एक नाही, चांगली मोळी!

“वा, दिवाणजी!” राजा पोट धरून हसला. “उद्यापासून वाडा तुम्हीच झाडा. खराटे घरचेच आहेत!” मग तो आवडीकडे वळला. “माग, बाई, काय हवं ते!”

“वेशीतली जागा कायमची माझी. आणि वर्षातून एकदा...”

“काय?”

“माझ्या खराट्यांकडे बघून ‘हं’ म्हणा!”

राजाने तोंड उघडलं. अख्ख्या बाजाराने कान टवकारले. राजाने ते पाहिलं, झटकन दुसरा विडा तोंडात कोंबला आणि हसत हसत नुसती मान डोलावली!