पाखऱ्या आणि रुमालाखालचा हात

आंबेवडीत गजरा नावाची एक तेलीण राहायची. तिच्या अंगणात लाकडी घाणा होता. बैल गोल फिरायचा, करडई भरडली जायची आणि तेलाची धार लागायची. यंदा मात्र तिचा म्हातारा बैल थकून बसला, तो बसलाच. घाणा थांबला. दिवाळीआधी गुरांचे तीनच बाजार उरले होते. तोवर बैल मिळाला नाही, तर गिऱ्हाईक शेजारच्या गावच्या घाण्यावर जाणार. आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक कुठलं परत येतंय!

"बैल आणायला हवा," तिचा नवरा तुळशीराम म्हणाला.

"मग जा की."

"मी? मागच्या वेळी व्यापाऱ्यानं मागितला त्याच भावाला मी 'बरं' म्हणालो."

"आठवतंय. म्हणून मीच जाते."

त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. व्यापारी आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायचे. जितकी बोटं धरली, तितका भाव. बघणाऱ्यांना पत्ता लागायचा नाही. नियम एकच. हात बाहेर काढला की सौदा मोडला, पुन्हा पुढच्या बाजारी या.

गजरा गेली आणि बघते तर काय! हैबतीनाना नावाच्या व्यापाऱ्याकडे एक पांढरा, ठिपक्याठिपक्यांचा बैल होता. पाखऱ्या त्याचं नाव. खुंट्याला बांधलेला, पण एक क्षण उभा राहील तर शपथ! खुंट्याभोवती गोल गोल फिरून त्यानं दावं पार गुंडाळून टाकलं होतं. मग उलटा फिरून पुन्हा सोडवत होता.

"अगं बाई!" गजरा ओरडलीच. "हा तर माझ्या घाण्यासाठीच जन्माला आलाय!"

हैबतीनानांच्या मिशा हलल्या.

"बाईमाणसाशी कसा सौदा करायचा?" ते म्हणाले.

"मी तुमच्या लेकीसारखी, नाना. टाका रुमाल."

रुमाल पडला. नानांनी तिची पाचही बोटं घट्ट धरली. गजरानं दोन धरून पाहिली, तीन धरून पाहिली. नाना पाचावरून हलेनात. कशाला हलतील? बाईनं आपलं मन आधीच बाजारभर ओरडून सांगितलं होतं. तिनं हात काढला आणि रिकामी घरी आली.

(हसू नका. मी तर कोथिंबिरीची जुडी बघूनसुद्धा "किती ताजी!" म्हणते आणि मग भाव विचारते.)

घरी आल्यावर गजरा थोडी रडली, मग उठली. "माझ्या तोंडानं घात केला," ती म्हणाली. "चला, सराव करू." आठवडाभर नवरा-बायको पंचा टाकून सौदे करत बसले. भाकरीचा सौदा, ताकाचा सौदा. दर वेळी ती चेहरा दगडासारखा ठेवायची. तुळशीराम दर वेळी हरायचा आणि अर्धी भाकरी गमवायचा.

दुसऱ्या बाजारी ती दगडी चेहऱ्यानं गेली. पाखऱ्या तिथंच होता, गोल गोल फिरत.

"हा अजून खपला नाही वाटतं?" ती म्हणाली. "खपेल कसा? बरगड्या बघा. सगळीच जनावरं हडकुळी तुमची!"

नानांना ते झोंबलं. "बरगड्या दिसतात, बाई? महिना झाला, या भागात पेंड बघायला मिळत नाही. काय दगड खायला घालू?"

"ते तुमचं तुम्ही बघा!"

रुमालाखाली नानांनी पुन्हा पाच बोटं धरली, आणि या वेळी जरा चिमटूनच. गजराच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं फाडकन हात काढला. सौदा मोडला.

वाटेत ती नानांना शिव्या घालत होती. अर्ध्या वाटेवर शिव्या संपल्या, तेव्हा नानांचं बोलणं आठवायला लागलं. महिना झाला, पेंड नाही.

महिना? घाणा थांबून महिनाच झाला होता!

करडईचं तेल निघालं की जो चोथा उरतो, तीच पेंड. गुरं ती खाऊन तुकतुकीत होतात. गजराच्या घाण्यावरून ती आसपासच्या गावांत जायची. म्हणजे नानांना काय हवं, ते त्यांनी स्वतःच सांगितलं होतं आणि ही बाई रागात ऐकलं न ऐकलंसं करून निघून आली होती! गजरानं रस्त्यातच कपाळावर हात मारला आणि घरापर्यंत जवळजवळ पळत आली.

तिसरा बाजार. शेवटचा.

ती पोचली तर पाखऱ्या खुंट्यावर नाही! एक शेतकरी त्याला चालवून बघत होता. शेतकऱ्यानं दावं धरलं, सरळ चल म्हणाला. पाखऱ्या चार पावलं सरळ गेला आणि लिंबाच्या झाडाला गोल फेरी घालून परत आला. पुन्हा चार पावलं, पुन्हा फेरी. सगळा बाजार हसायला लागला.

"नाना, मला नांगरायचंय," शेतकरी म्हणाला. "प्रदक्षिणा घालायच्या नाहीत!"

पाखऱ्याला पुन्हा खुंट्याला बांधून तो गेला. गजरा हसली नाही. पुढं होऊन तिनं स्वतःच रुमाल टाकला.

"हा शेतात चालणार नाही, नाना."

"आणि तुझ्या घाण्याला दुसरा चालणार नाही," नाना म्हणाले. "मला माहितंय."

खरंच होतं ते. पाच बोटं. गजरानं दोन धरली. पाच. पुन्हा दोन. भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं, "आता काढतीय हात." गजराच्या खांद्याला कळ आली, बोटांना मुंग्या आल्या. पण हात काही काढला नाही.

"मागच्या बाजारी मी तुमच्या जनावरांना नावं ठेवली. चुकलंच माझं," ती म्हणाली. "ती हडकुळी का झाली ते विचारायला हवं होतं. नाना, तुमची पेंड माझ्याच घाण्यावरून यायची."

नाना बघतच राहिले. "आंबेवडीचा घाणा तो तुझा?"

"माझा. होळीपर्यंत दर बाजाराला एक पाटी पेंड तुमच्या दावणीला आणून टाकते. पण घाणा फिरला तर पेंड. आणि घाणा कोण फिरवणार?"

दोघांनी एकदमच पाखऱ्याकडे पाहिलं. त्याची खुंट्याभोवती फेरी चालूच होती.

नानांच्या मिशा पुन्हा हलल्या. रुमालाखाली एक बोट सुटलं. मग दुसरं सुटलं. तीन बोटांवर हात थांबले आणि गजरानंही तीन धरली. रुमाल उडाला!

"घेऊन जा, लेकी," नाना म्हणाले. "आणि पेंड ताजी आण."

पाखऱ्याला सरळ रस्त्यानं घरी आणायला संध्याकाळ झाली, कारण वाटेत त्यानं प्रत्येक झाडाला फेरी घातली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घाण्याला जुंपला आणि काय सांगू, जणू सासरहून माहेरी आला! गोल, गोल, न थांबता. तेलाची धार लागली. अंगणात बायकांची रांग लागली.

दिवाळीत गजरा ताज्या तेलात करंज्या तळत होती. तुळशीराम आला आणि गुपचूप पंचा पुढं करून बसला. गजरानं पंच्याखाली हात घातला. त्यानं तिची पाच बोटं धरली. तिनं त्याचं एकच धरलं, चेहरा दगडासारखा ठेवून.

तुळशीरामनं या वेळी "बरं" म्हटलं नाही. हातही काढला नाही. शेवटी तीन करंज्या मिळवल्याच.

तात्पर्य: सौदा फिसकटला तरी समोरचा काय म्हणाला ते घरी घेऊन यावं, पुढच्या वेळी त्याचाच उपयोग होतो, फक्त हात लवकर काढू नये.