महापुराच्या चित्रासमोर

एकदा एक धान्याचा व्यापारी नदीकाठच्या मठात आला. मठाच्या भिंतीवर महापुराचं भलंमोठं चित्र होतं. उन्मळून पडलेला वड, वाहणारी गुरं, पाण्यावर तेवढी उरलेली घरांची छपरं. आल्यागेल्याला त्याचा अर्थ सांगण्याचं काम आचार्यांच्या एका शिष्याकडे होतं. त्याची विद्या नवी होती, म्हणून जरा उतूच जात असे.

"हा निसर्गाचा कोप आहे," व्यापाऱ्याने चित्राचा अर्थ विचारताच शिष्य म्हणाला. "माणूस मर्यादा सोडतो, तेव्हा नदीही सोडते. विनाश हे पापाचंच फळ."

व्यापारी चित्राकडे पाहत राहिला. "गेल्या पुरात माझी लेक गेली. आठ वर्षांची होती. तिनं कोणती मर्यादा सोडली होती, महाराज?"

शिष्य गोंधळला. तो 'पूर्वसंचित' म्हणाला, मग 'ईश्वराची लीला' म्हणाला, शेवटी 'सगळी माया' असंही त्याने म्हणून पाहिलं. प्रत्येक शब्दासरशी व्यापाऱ्याचा चेहरा अधिकच उतरत गेला. हे पाहून वृद्ध आचार्य उठले आणि चित्राकडे चक्क पाठ करून व्यापाऱ्यासमोर बसले.

"लेकीचं नाव काय?"

"मथुरा. आम्ही मथी म्हणायचो. बोरं खाऊन बिया ओच्यात साठवायची..."

व्यापारी बोलू लागला, तो दिवस कलेपर्यंत बोलत आणि रडत राहिला. आचार्यांनी चित्राविषयी चकार शब्द काढला नाही.

व्यापारी तोंड धुवायला विहिरीवर गेला, तेव्हा शिष्याला राहवेना. "गुरुदेव, मला काहीच उमगत नाही. त्याने अर्थ विचारला होता, आणि आपण तर चित्राकडे पाहिलंही नाही!"

"बाळा, लेकीच्या मरणात तिचा किंवा आपला काही दोष आहे की काय, या भीतीने तो पोखरला आहे. तू 'आहे' म्हणालास आणि वर शब्दांची भर घातलीस. पूर कुणाला नेतो, कुणाला ठेवतो, का ठेवतो, हे पन्नास वर्षं मी या भिंतीपुढे बसून शोधतो आहे. मला कळलेलं नाही. ज्याचं काही वाहून गेलेलं नसतं, त्यालाच अर्थ इतक्या चटकन सापडतो."

शिष्याला फार लाज वाटली. तरी मनातला गोंधळ काही निवळला नाही.

व्यापारी परतला. भिंतीकडे पाहत त्याने शिष्याला पुन्हा विचारलं, "मग याचा खरा अर्थ काय, महाराज?"

शिष्य चित्राकडे पाठ करून खाली बसला. मग म्हणाला, "मला ठाऊक नाही."

"मलाही नाही," व्यापारी म्हणाला, आणि त्याच्या शेजारी येऊन बसला.