शेवटच्या फेरीतला देवमासा

“दिसला का रे?”

इसाकचाचांनी विचारलं. मान वर नाही. हातात फाटलेलं जाळं आणि सुई.

लवू होडी किनाऱ्याला लावून नुकताच वर आला होता. कार्तिक सरत आलेला, उत्तरेचा वारा सुटलेला. पाहुण्यांना देवमासे दाखवायची ही यंदाची शेवटची फेरी. चाचांचे गुडघे गेले, म्हणून ते बोलून बसले होते, ही फेरी नीट केलीस तर सुकाणू कायमचं तुझं. मी बाजूलाच बांगडे वाळत घालत होते. कानांनी ऐकलंय, म्हणून सांगते.

“मी कधी रिकामा आलोय? दाखवला.”

“दिसला का, ते विचारलं मी.”

लवूला हसू आवरेना.

“खरं सांगू चाचा? नव्हताच. तीन तास नुसतं पाणी. पाहुणे कुरकुरायला लागले. मग उठलो, हात केला आणि ओरडलो, ‘तो बघा!’ साधी लाट हो! पण काय टाळ्या पिटल्या एकेकाने!”

चाचांनी जाळ्याला पुढचा टाका घातला.

“एक म्हातारी तर रडलीच. म्हणते, पाठीवर पांढरा वण होता, कोयत्यासारखा. आता लाटेला कुठला वण?”

सुई थांबली.

“कोयत्यासारखा...?”

“हो.”

“डाव्या अंगाला?”

“तसंच म्हणाली. तुम्हाला काय ठाऊक?”

चाचांनी पाण्याकडे तोंड वळवलं.

“शिडाची होडी होती तेव्हा माझी. तो वणवाला दर कार्तिकात यायचा. अगदी खेटून श्वास सोडायचा, लेकाचा. माझी दाढी भिजायची. घरी गेलो की बायको नाक धरायची, इतका वास... मग एका वर्षी नाही आला. बावीस वर्षं झाली. रोज बघतो.”

“अहो पण तिथे काही नव्हतं! मी होतो ना तिथे!”

“हात केलास, तेव्हा तू कुठे बघत होतास?”



“पाहुण्यांच्या तोंडाकडे. फसतात का ते...”

चाचांनी जाळं बाजूला ठेवलं. खांबाला धरून उभे राहिले. लवूपुढे हात पसरला. लवूने इंजिनाची किल्ली त्या हातावर ठेवली.

“ती बाई अजून गावात आहे का बघ. असली तर विचार तिला... सुकाणू धरते का.”