चाईच्या कंदाचं डोकं

ए चिंगे, पाय आवर आणि ऐक. एक होता राजा. मोठा खादाड! त्याला एकदा डोंगरावरच्या ठाकरवाडीतला चाईचा कंद खायला मिळाला. रानातल्या वेलाखाली जमिनीत येतो तो, बरं का. उकडून मीठ लावला की बोटं चाटत बसावं. मग काय, राजाने हुकूमच सोडला. रोज टोपलीभर कंद हवेत, तेही अख्खे. नाहीतर डोंगर सोडून चालते व्हा!

आता वाडीची रीत अशी, की कंद खणला की त्याचं डोकं, म्हणजे वेलाकडचा वरचा तुकडा, कापून परत मातीत पुरायचं. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तिथंच नवा वेल. पण राजाला अख्खा हवा ना! लोक भ्याले, डोक्यासकट देऊ लागले. पहिल्या वर्षी वेल थोडे आले. दुसऱ्या वर्षी त्याहून थोडे. तिसऱ्या वर्षी एकही नाही. आणि शिपाई दारात उभे!

वाडीत नाथी नावाची बाई होती. ती धावत रानात गेली. वानराला म्हणाली, "दादा, कंद आहे का कुठं?" वानर म्हणालं, "मीच उपाशी आहे, बाई." मग रानडुक्कर भेटलं. ते तर अंगावरच आलं. "सगळं राजाला दिलंत, आमचा वाटा कुठाय?" नाथीला रडूच फुटलं. खरंच होतं की ते! मग बिळातून आली साळिंदरबाई. म्हणाली, "पिल्लांसाठी एकच राखलाय. ने. पण हा अख्खा गेला, तर संपलंच."

नाथीने डोकं कापून मातीत पुरलं आणि उरलेला कंद घेऊन दरबारात गेली. राजा खवळला, "डोकं कुठाय याचं?"

नाथीने कंद त्याच्यापुढे ठेवला गं! आणि बोलली. "महाराज, ते मातीत आहे. तेही हवं असेल तर काढून आणते, पण मग पुन्हा कंद मिळायचा नाही. आणि हा साळिंदराच्या पिल्लांच्या तोंडचा घास आहे."

राजाचा हात थबकला. त्यालाही लेकरं होती. म्हणाला, "पिल्लांचं पिल्लांना दे. डोंगर तुम्हीच राखा, बाई. सगळ्यांची पोटं भरून उरलं, तर मला धाडा."

मग नाथीने कंद बिळापाशी ठेवला आणि साळिंदरबाईच्या पाया पडली. वाडी डोंगरावरच राहिली. हळूहळू वेल माजले. राजाकडे टोपली गेली ती कितीतरी पावसाळ्यांनी. तेव्हा तो खादाड राजा आधी डोंगराकडे वळला, हात जोडले आणि मगच जेवला.

चला, आज तुमच्या ताटात कुणाकुणाच्या वाट्यातलं आलं, त्यांची नावं मनात घ्या. आणि मिटा डोळे.