मुख्याधिकाऱ्यांचं भरलेलं पान

नगरपालिकेचे मुख्याधिकारी शेवडेसाहेब म्हणजे स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच मान डोलावणारा माणूस. शहरातला कचरा कमी करण्याची योजना त्यांनी दार लावून एकट्यानंच आखली. कासार पेठेत घंटागाडी येणार भर दुपारी, म्हणजे नेमकी घरोघरी कुलपं असताना! वर ज्याच्या दारात कचरा उरेल, त्याला दंड.

पेठेतल्या अनसूयाकाकू तावातावानं कचेरीत गेल्या. साहेब म्हणाले, "काकू, लोकांना काय विचारायचं? त्यांचं भलं आम्हाला कळतं."

काकूंनी राग गिळला आणि पेठेच्या भंडाऱ्याचं आमंत्रण देऊन त्या परतल्या.

साहेब ऐटीत पंगतीला बसले. वाढायला स्वतः काकू. त्यांनी भातावर भात घातला, जिलब्यांचा ढीग रचला, कारल्याची भाजी तर पानाबाहेर गेली. साहेब आडवा हात धरत होते, काकू हाताला वळसा घालून वाढत होत्या.

"अहो, काय चालवलंय!" साहेब कडाडले. "आधी विचारायची काही पद्धत? हे सगळं वाया जाणार!"

काकूंनी डाव खाली ठेवला.

"साहेब, एका पोटाला वाढायचं तर विचारायला हवं, आणि अख्ख्या पेठेला वाढायचं तर नको?"

पंगतीत खसखस पिकली. साहेब ओशाळून म्हणाले, "बरं बाई, गाडी कधी पाठवू?"

"सांगतो ना सगळे मिळून," काकू म्हणाल्या. "आधी पान संपवा. उरलं तर दंड आहे."