ठकीचा परकर आणि सुताराचा गोल

एका गावात एक सुतार होता. बैलगाडीची चाकं करण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. त्याचं चाक रस्त्यावर नुसतं सोडून दिलं तरी ते डावीकडं नाही की उजवीकडं नाही, नीट वेशीपर्यंत जायचं आणि तिथं कंटाळून आडवं पडायचं. माणूस मनाचा चांगला, कामाचा पक्का, पण एका गोष्टीचा त्याला भारी गर्व. "माझा गोल म्हणजे गोल!" असं तो दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. बायको भाकरी थापायला बसली की हा मान तिरकी करून भाकरीचा काठ न्याहाळायचा, आणि मग बायको उलथनं उगारायची.

या सुताराला एक लेक होती, आठ-नऊ वर्षांची. लाकडाच्या बाहुलीला ठकी म्हणतात ना, म्हणून त्यानं हौसेनं लेकीचं नावही ठकीच ठेवलं होतं. पण बाहुली बिचारी कोनाड्यात गप्प उभी असते. ही ठकी म्हणजे नुसती भिंगरी होती. पाणी आणायला निघाली तरी वाटेत दोन गिरक्या घ्यायची, आणि घरी येईतो कळशी अर्धी झालेली असायची.

आता त्या गावच्या जत्रेत एक गमतीची चाल होती, ती आधी सांगायला हवी. देवळापुढच्या पारावर गावातली झाडून सगळी पोरं गोल करून बसायची. मधोमध एक मुलगी घेरदार परकर नेसून उभी राहायची. ढोलावर टिपरी पडली की तिनं गिरकी घ्यायची, परकर फुलून वर यायचा, आणि म्हातारी माणसं टोपलीतून त्या फिरत्या घेरावर लाह्या टाकायची. घेर सगळीकडून सारखा असला की लाह्या चहूकडं उडायच्या आणि पोरं ओंजळी पुढं करून त्या झेलायची. पण घेर वाकडा असला की तो वाकड्या चाकासारखा डुगडुगायचा. मग लाह्या त्या मुलीच्या पायाशीच सांडायच्या, पोरं उपाशी राहायची आणि चिमण्यांची चंगळ व्हायची.

त्या वर्षी गिरकीचा मान ठकीला मिळाला. ठकीला इतका आनंद झाला की तिनं ही बातमी गोठ्यातल्या गाईला दोनदा सांगितली. पण मग तिच्या लक्षात आलं, आपल्याकडं घेरदार परकर कुठं आहे? आणि शिवणारी आई तर मावशीच्या बाळंतपणाला गेलेली. ती येणार थेट जत्रेच्या दिवशी. ठकीचा चेहरा पडला. सुतारानं तो पाहिला आणि हातातला रंधा खाली ठेवला.

"परकर म्हणजे काय? गोलच ना? मी शिवतो."

सुतारानं उभ्या जन्मात साधं बटणही लावलं नव्हतं. पण एकदा बोलला म्हणजे बोलला. बायकोनं जपून ठेवलेलं मोठ्या पन्ह्याचं डाळिंबी कापड त्यानं पेटीतून काढलं आणि कात्री मागायला शेजारच्या शिंपीणकाकूकडं गेला. शिंपीणकाकू म्हणाली, कापड इकडं दे, मी शिवून देते. सुतार कसला ऐकतोय? शिवणार तर मीच, म्हणाला. काकूला हसू आलं. तिनं कात्री दिली, सुईदोरा दिला आणि वर एक गोष्ट सांगितली.

"सुतारा, कापून झालं की लगेच खालचा काठ दुमडून पट्टी मोडू नकोस. दोन दिवस दांडीवर टांगून ठेव. गोल कापलं ना, की कापडाचा तिरपा भाग आपल्याच वजनानं खाली उतरतो. त्याला उतरू दे, आणि मग पोरीच्या अंगावर माप घेऊन काठ सारखा कर."

सुतार मोठ्यानं हसला. म्हणाला, काकू, मी चाकं टांगून ठेवत बसलो असतो तर गावातल्या गाड्या चालल्या असत्या का? एकदा गोल कापला की तो गोलच राहतो.

घरी येऊन त्यानं कामाला जी सुरुवात केली, ती बघायला अर्धी आळी ओट्यावर जमली. सुतारानं दोरी ठकीच्या कमरेभोवती गुंडाळली, त्या दोरीचे सहा सारखे भाग केले आणि एक भाग धरला. चाकाच्या घेरावरून आऱ्याची लांबी तो अशीच काढायचा. कापडाची चौपदरी घडी घातली, घडीच्या कोपऱ्यावर खिळा ठेवला, दोरीला कोळसा बांधला आणि कमरेसाठी एक लहान कमान ओढली. मग कमरेपासून घोट्यापर्यंतची लांबी दोरीत वाढवून घेराची मोठी कमान ओढली. जीभ दातांत धरून कात्री चालवली. घडी उलगडली, आणि काय सांगू, अंगणात पुनवेचा चंद्र उतरल्यासारखा तो डाळिंबी गोल पसरला होता. बघायला आलेल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. खरं ते खरंच म्हटलं पाहिजे, पहिल्याच खेपेला इतका सुरेख गोल कापणारा माणूस विरळा.

शिवताना मात्र त्याची भंबेरी उडाली. पटाशी धरायची सवय असलेल्या बोटांना सुई सापडेना. दोरा ओवायला ठकीला बोलवावं लागे. नेफा शिवताना त्यानं परकराबरोबर स्वतःचं धोतरही शिवून टाकलं आणि उठायला गेला तो नेफ्यासकट उठला. ठकी हसून हसून लोळली. पण नेफा झाला, नाडी ओवली, आणि टांगणं-बिंगणं काही न करता सुतारानं त्याच बैठकीत खालची पट्टीही मोडून टाकली. ठकीनं परकर नेसला, बापाला मिठी मारली आणि अंगणभर नाचली.

दोन-तीन दिवस ती तो परकर अंगावरून उतरवायलाच तयार नव्हती. आणि या दोन-तीन दिवसांत कापडानं जे करायचं ते केलं. तिरप्या जागा हळूहळू उतरल्या. चार ठिकाणी काठ लोंबू लागला, आणि डाव्या अंगाला तर जरा जास्तच, कारण तिथं शिवताना सुतारानं कापड ओढलं होतं. परकर ठकीच्या पायात येऊ लागला. ती बापाकडं गेली आणि म्हणाली, आबा, हा वाकडा झालाय.

सुतारानं लांबून पाहिलं. काठ खाली आलेला त्यालाही दिसला. पण डोळ्याला जे दिसतं ते गर्वाला कुठं पटतं?

"परकर बरोबर आहे. तूच वाकडी उभी राहतेस. नीट उभी राहा बघू."

ठकीचा बापावर फार विश्वास. आबा म्हणतात म्हणजे आपलंच काहीतरी चुकत असणार. तिनं असं उभं राहून बघितलं, तसं उभं राहून बघितलं. शेवटी तिला जमलं. डावी टाच उचलून धरली, डावा खांदा वर काढला आणि कंबर जरा मागं नेली की काठ बऱ्यापैकी सरळ दिसायचा. सुतार खूश झाला. बघ, म्हणाला, सरळ उभी राहिलीस की कसा सरळ दिसतो! आणि पुन्हा आपल्या चाकाकडं वळला.

तेव्हापासून ठकी तशीच चालू लागली. पाणी आणताना गिरकी नाही, धावणं नाही. कळशी आता काठोकाठ भरलेली घरी यायची, पण ते पाणी पाहून कोणाला आनंद झाला नाही. गाईलासुद्धा चुकल्यासारखं वाटलं असेल.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी पारावर तालीम होती. सुतार कौतुकानं बघायला गेला. ढोल वाजला, ठकीनं एक टाच उचलून गिरकी घ्यायचा प्रयत्न केला, परकर डुगडुगला, पायात आला आणि ठकी गुडघ्यावर आपटली. उठली, पुन्हा खांदा वर काढून उभी राहिली. कोणी हसलं नाही, आणि तेच सुताराला जास्त लागलं. एक आजीबाई त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, अरे, पोरीच्या पायाला काय झालंय? चार दिवस झाले लंगडतेय. रात्री तेल तरी लाव.

सुतार लगबगीनं पुढं झाला. तो पारावर चढला आणि ठकीपुढं उकिडवा बसला.

"ठके, पाय दुखतो का गं?"

"नाही, आबा."

"मग अशी का चालतेस?"

ठकीनं आजूबाजूला पाहिलं आणि त्याच्या कानात सांगितलं, "अशी चालले की तुमचा परकर सरळ दिसतो."

सुतारानं तिच्या उचललेल्या टाचेकडं पाहिलं. इतकी चाकं केली त्यानं आयुष्यात. एखादं वाकडं निघालंही होतं. पण गाडी डुगडुगते म्हणून बैलाला, लंगडत चाल, असं तो कधी म्हणाला नव्हता. आणि इथं स्वतःच्या भिंगरीसारख्या पोरीला त्यानं चार दिवस लंगडायला लावलं होतं. कशासाठी? तर आपला गोल चुकला असं म्हणावं लागू नये म्हणून. त्याला स्वतःची लाज वाटली.

आता खरी कसोटी होती. समोर सगळं गाव बसलेलं. कापडाला नावं ठेवता आली असती, सुईला ठेवता आली असती. पण सुतारानं ठकीचा हात धरला आणि गर्दीतून सरळ शिंपीणकाकूपुढं जाऊन उभा राहिला.

"काकू, माझा गोल चुकला. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आता काय करू?"

शिंपीणकाकूच्या मनात आलं असतं तर तिथंच त्याची चांगली खरडपट्टी काढता आली असती. पण तिनं ठकीकडं पाहिलं आणि तिचा राग कुठल्या कुठं गेला. म्हणाली, "कापलास तेव्हा गोल बरोबरच होता रे. पण पोरीचं नाव ठकी असलं तरी पोर लाकडाची नाही, आणि कापडही लाकडाचं नाही. चल, कापडाला जेवढं उतरायचं होतं तेवढं उतरलंय. पट्टी उसव."

सुतारानं घरी येऊन ओट्यावर बसून आपल्याच हातानं आपली शिलाई उसवली. टाका निघायचा, तो सुस्कारा टाकायचा, आणि ठकी म्हणायची, आबा, अजून थोडंच राहिलंय. मग पोरीच्या अंगावर माप घ्यायची वेळ आली. शिंपीणकाकू गुडघ्यावर बसून काठी घेऊन ठकीभोवती सरकू लागली, तसा सुतार म्हणाला, काकू, थांबा जरा. तो धावत गेला आणि नवंकोरं चाक घेऊन आला. ते आडवं टाकून मधल्या भोकातून खुंटी ठोकली, वर फळी टाकली आणि ठकीला त्या फळीवर उभं केलं. शेजारी एक काठी रोवली आणि तिला ठरलेल्या उंचीवर चुन्याचा खडा बांधला. आता चाक हळूहळू फिरवलं की परकराचा घेर खड्याला घासत फिरणार आणि सगळीकडं सारख्या उंचीवर रेघ उमटणार. शिंपीणकाकूनं मनापासून मान डोलावली. इतकी वर्षं आपण गुडघे झिजवले, हे आधी सांगायला काय झालं होतं, असंही म्हणाली.

सुतारानं चाकाला हात लावला आणि थांबला. ठकीची टाच सवयीनं वर गेली होती.

"ठके, सरळ उभी राहा. दोन्ही पाय टेकून."

"पण मग परकर वाकडा दिसेल, आबा."

"दिसू दे. आज परकरानं तुझ्याप्रमाणं सरळ व्हायचं."

ठकीनं टाच टेकली. खांदा खाली आला. तिनं मोठा श्वास सोडला, आणि तो ऐकून सुतारानं डोळ्यांना उपरण्याचं टोक लावलं. चाक फिरलं. पांढरी रेघ परकरावरून फिरत फिरत निघाली आणि जिथून सुरू झाली होती तिथंच येऊन मिळाली. कुठं चार बोटं कापड जास्त निघालं, कुठं नुसता दोरा. शिंपीणकाकूनं रेघेवरून कात्री फिरवली, आणि एका अंगानं काकू, दुसऱ्या अंगानं सुतार अशी दोघांनी पट्टी मोडली. या खेपेला धोतर वाचलं.

दुसऱ्या दिवशी जत्रा भरली. पारावर पोरं ओंजळी पसरून बसली आणि वरच्या फांदीवर चिमण्याही आशेनं येऊन बसल्या. ढोलावर टिपरी पडली. ठकीनं दोन्ही पाय टेकले, बापाकडं एकदा पाहिलं आणि घेतली गिरकी! डाळिंबी घेर असा फुलला की ढोलवाल्याचा ठेका चुकता चुकता राहिला. परकर आता घोट्यापासून चार बोटं वर होता, पायात यायचा प्रश्नच नव्हता. ठकी फिरतेय, फिरतेय, आणि लाह्यांचा नुसता पाऊस. पुढच्या पोरांना मिळाल्या, मागच्यांना मिळाल्या. ढोलवाल्याच्या पागोट्यात पडल्या, पुजाऱ्याच्या शेंडीत अडकल्या. नेमकी तेव्हाच ठकीची आई गाडीतून उतरत होती. डोक्यावर गाठोडं आणि त्या गाठोड्यावरही लाह्या. चिमण्यांना मात्र त्या वर्षी इकडंतिकडं एकेक लाही शोधत फिरावं लागलं.

आई बघतच राहिली. हा परकर कोणी शिवला, तिनं विचारलं. सगळं गाव सुताराकडं वळलं. आता हा म्हणणार, माझा गोल म्हणजे गोल! पोरांनी तर ते वाक्य त्याच्या आधी म्हणायची तयारीच केली होती.

सुतार हसला आणि म्हणाला, "कापला मी, बिघडवलाही मीच. सुधारायचा कसा ते शिंपीणकाकूनं सांगितलं. आणि माप दिलं ठकीनं, सरळ उभं राहून."

एवढं सांगून त्यानं आपली ओंजळ पुढं केली, कारण ठकी अजून थांबलेली नव्हती.

तात्पर्य: आपल्या हातून चूक झाली तर ती उसवून नीट करावी, ती झाकण्यासाठी आपल्या माणसाला वाकडं चालायला लावू नये.