पाळण्याचं पान

"म्हणजे मी चोर, असंच ना बुवा?"

अच्युतबुवा अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले.

मार्तंडराव परांडकर दमले होते. सत्तरी उलटलेली. जुन्या पोथ्यांतून कापून काढलेली चित्रं जमवण्यात जन्म गेला. भिंती भरल्या आणि झोप उडाली. आता गोदाकाठच्या या मठात यावं, म्हाताऱ्या बुवांचा अनुग्रह घ्यावा, कानात मंत्र पडावा आणि सुटावं, एवढीच इच्छा उरली होती.

"कात्री मी लावली नाही," ते म्हणाले. "कापलेली मिळाली, ती घेतली. नसती घेतली, तर वाळवीनं खाल्ली असती."

"खाल्ली असती," बुवा म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही... खरं आहे तुमचं."

बुवांनी मान्य केलं, तरी मार्तंडरावांना हलकं वाटलं नाही.

त्यांनी पिशवीतून चांदीची चौकट काढली. आत तळहाताएवढं चित्र. पाळण्यात कृष्ण, दोरी ओढणारी यशोदा, वर तांबडंलाल आभाळ.

"हे तुमच्याच मठाच्या पोथीतलं. परत आणलंय. मोबदला नको. फक्त अनुग्रह द्या."

"मोबदला नको, फक्त अनुग्रह!" बुवा हसले आणि हसता हसता खोकले. "बरं. आज पाळण्याचाच अध्याय आहे. आमचे वाचणारे तापानं पडलेत. तुम्ही वाचा."

"वाचीन की. जुनं अक्षर माझ्याइतकं कोणाला येतं?"

"म्हणून तर म्हटलं."

चातुर्मास होता. दिवस कलताना माणसं जमली. मार्तंडरावांनी पोथीचं बासन सोडलं आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. सुटी पानं एकामागून एक उलटत गेली. वाचता वाचता ते तळहाताएवढ्या चौकोनी भोकाच्या पानावर आले. भोकातून खालच्या पानाची अक्षरं दिसत होती. ओळ तुटली नाही, म्हणून तेही थांबले नाहीत.

"यशोदा पाळणा हालवी... रथ हाकिला मथुरेसी..."

"अवो दादा!" पुढं बसलेली कोंडाबाई ओरडली. "लेकरू आत्ता तर पाळण्यात व्हतं. रथात कवा बसलं?"

मंडळी हसली. मार्तंडरावांचे कान तापले. एवढी चित्रं बाळगली, पण चित्र निघून गेलेलं पान ते आज पहिल्यांदाच वाचत होते.

बुवांनी अडकित्ता त्यांच्याकडे सरकवला.

मार्तंडराव समजले. त्यांनी चौकटीचे खिळे उचकटले, चित्र बाहेर काढलं आणि भोकात ठेवलं. कडेला कड लागली. अर्धी तुटलेली पाळण्याची दोरी पानावरच्या दोरीला मिळाली.

कोंडाबाईनं दोन्ही हातांनी बोटं मोडून दृष्ट काढली. "आलं गं बाई, लेकरू घरी आलं."

मार्तंडरावांचा ऊर भरून आला. त्यांनी बुवांकडे पाहिलं.

"पान पलटा," बुवा म्हणाले.

त्यांनी चित्रासकट पान जपून पलटलं. मागं ओळी सुरू झाल्या आणि मधे पुठ्ठ्याला येऊन थडकल्या. चित्राच्या पाठीला चिकटवलेला करडा, जाड पुठ्ठा.

"इथं... पुठ्ठा आहे."

"कोणी लावला?"

"मीच लावून घेतला. कागद वळत होता. चित्र सरळ राहावं म्हणून... डिंक पक्का आहे. आता निघायचा नाही."

कोणी रागावलं नाही. मंडळींनी नुसते हात जोडले आणि गप्प बसली. मठाची रीतच होती तशी. पोथीतलं जे गेलं, ते पाठ असलं तरी तोंडून भरायचं नाही. तेवढ्या ओव्यांना जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ गप्प बसायचं. वाचणाऱ्यानं पुढची ओळ उचलली, की मग सगळ्यांनी हलायचं.

वाचणारे आज मार्तंडराव होते.

माणसं वाट पाहत होती. एक पोर आईच्या मांडीवर पेंगलं. नदीकडून वारा आला, समई फडफडली...

"बुवा," मार्तंडराव हळूच म्हणाले, "कुठवर थांबू?"

"किती ओव्या होत्या तिथं?"

मार्तंडरावांनी पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं.

"ठाऊक नाही. वीस वर्षं माझ्या भिंतीवर होतं... मागं काय लिहिलंय, ते मी कधी वाचलंच नाही."



मार्तंडरावांनी मान खाली घातली. पुढची ओळ समोर होती, पण ती उचलायचा धीर त्यांना होईना. आता अनुग्रह मागण्यातही अर्थ उरला नव्हता. ते पोथीपुढून उठू लागले.

बुवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"दर वर्षी हे पान वाचणं तुमच्याकडे."